मूल होत नाही, तपासावयाचे कोणास?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब असा एखादा सोवळा विषय आम्ही घेऊ, अशी चिटणीसांची अपेक्षा असावी. पुरुषाच्या जननेंद्रियांचे कार्य हा विषय ऐकताच ते क्षणभर स्तब्ध झाले आणि मग हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, समोर स्त्रिया बसलेल्या असतात." आम्ही त्यांस म्हटले, त्या बसलेल्या असतात म्हणूनच हा विषय घेतला आहे.

आमची एक आत्या होती. लग्नास सहा वर्षे झाली तरी कूस उजवली नाही, म्हणून तिला माहेरी आणून सोडण्यात आले. यजमानांनी दुसरे लग्न केले. त्या काळी त्यास कायद्याचीही आडकाठी नव्हती. दुसरीच्या वेळीही त्या घरात पाळणा हलला नाही. पण म्हणून आत्याच्या माथ्यावरचा शिक्का कोणी पुसला नाही. घरात कोणाची ओटी भरावयाची असली की ती आपण होऊन माजघराच्या कोपऱ्यात जाऊन बसे. दोन स्त्रियांच्या बाबतीत जे घडले, त्याचे कारण तिसऱ्या व्यक्तीत असू शकेल, हा साधा हिशेब दोन्ही घरांतील शहाण्यासुरत्या माणसांपैकी एकालाही सुचला नाही. आम्ही वैद्यकी शिकलो, तेव्हा आत्या हयात नव्हती.

हा हिशेब न सुचण्याचे कारण एकच. पौरुष आणि प्रजननक्षमता या दोन वस्तू एकच आहेत, असे आपण धरून चालतो. त्या एक नाहीत. पुरुषाच्या वृषणांत दोन निराळी कामे चालतात. वृषणांतील काही पेशी टेस्टोस्टेरॉन नावाचे द्रव्य तयार करून ते सरळ रक्तात सोडतात. दाढीमिशा, भरदार आवाज, स्नायूंची बळकटी, कामेच्छा ही सारी त्याची करणी. दुसरे काम चालते ते वृषणांतील अतिशय बारीक, वेटोळे घातलेल्या नळ्यांत. तेथे शुक्रजंतू तयार होतात. पहिले काम सुरळीत चालू असताना दुसरे पूर्ण बंद पडलेले असू शकते. असा पुरुष धट्टाकट्टा असतो, त्याच्या संसारसुखात कसलीही उणीव नसते, आणि तरीही त्याच्या वीर्यात एकही शुक्रजंतू नसतो. त्याला स्वतःला हे कळण्याचा काहीही मार्ग नाही. "मला काही त्रास नाही, मग माझी तपासणी कशाला?" हा प्रश्न आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. त्रास नसतो, हे अगदी खरे असते.

शुक्रजंतू डोळ्यांस दिसत नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगाखाली १६७७ साली तो पाहिला, तोवर माणसास त्याची वार्ताही नव्हती. त्याची घडण सावकाश होते. नळ्यांत तो तयार होण्यास सुमारे सत्तर ते पंचाहत्तर दिवस लागतात. पुढे वृषणाला लागून असलेल्या अधिवृषणात तो आणखी आठपंधरा दिवस मुरतो आणि तेथे त्यास पोहण्याचे बळ येते. म्हणजे आज जे वीर्य आहे, त्याची पेरणी जवळजवळ तीन महिन्यांपूर्वीची असते. मोठा ताप येऊन गेला तर त्याचा परिणाम पुढे दोन-तीन महिने दिसत राहतो. आणि तंबाखू सोडली तर तिचे फळही आठवड्यात मागू नये.

या कारखान्यास थंडावा लागतो. शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता असेल तरच तो नीट चालतो, आणि म्हणून निसर्गाने वृषणे पोटात न ठेवता बाहेर अंडकोशात ठेवली. कित्येक मुलग्यांचे एखादे वृषण जन्मतः खाली उतरलेले नसते. सहा महिन्यांपर्यंत वाट पाहावी. त्यानंतरही उतरले नाही, तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावी. "मोठेपणी उतरेल" असे सांगणाऱ्या आजीबाईंचा आम्हांस आदर आहे, पण या एका बाबतीत त्यांचे ऐकू नये.

वीर्याविषयी आणखी एक भ्रम आहे, आणि त्याने असंख्य तरुणांची झोप उडविली आहे. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, ही समजूत निराधार आहे. वीर्याचा बहुतेक भाग म्हणजे शुक्राशय व प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव. शुक्रजंतूंचा वाटा त्यात शेकडा पाचाहूनही कमी. झोपेत वीर्यस्खलन होणे हा रोग नव्हे. भिंतींवर जाहिराती रंगविणाऱ्या भोंदूंचे दुकान मात्र या भीतीवरच चालते. रघुनाथ धोंडो कर्वे या गणिताच्या प्राध्यापकाने १९२७ पासून १९५३ मध्ये देह ठेवीपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून असल्याच भ्रमांशी झुंज दिली. समाजाने त्यांस खटले दिले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर्षभर सहवास असूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांचीही तपासणी व्हावी. पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांनीच व्हावी. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण आढळते, कधी एकटे, कधी पत्नीच्या कारणासह. पुरुषाची पहिली तपासणी ती किती? दोन ते सात दिवस संयम पाळून एका स्वच्छ बाटलीत नमुना द्यावयाचा. ना सुई, ना भूल. तिकडे पत्नीच्या गर्भनलिकांत औषध सोडून क्ष-किरणांची छायाचित्रे काढतात, प्रसंगी भूल देऊन पोटात दुर्बीण घालतात. आणि आमच्याकडे येणारी जोडपी काय करून येतात? पत्नीच्या अहवालांची जाडजूड फाइल असते, दोन-चार नवससायास झालेले असतात, आणि पतीचा एक कागदही नसतो. कित्येकदा पतीच आलेला नसतो. सोबत सासूबाई असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या मापाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरतात. आकडा त्याखाली आला म्हणून आशा सोडू नये आणि एका अहवालावर निकालही देऊ नये. तपासणी पुन्हा करावी. अंडकोशातील शिरा, बहुधा डाव्या बाजूच्या, फुगलेल्या असतात, त्यांवर शस्त्रक्रिया होते. वयात आल्यावर झालेली गालगुंडे वृषणांत उतरलेली असतात. आणि अलीकडे एक नवेच कारण दिसते. व्यायामशाळेत दंड फुगविण्यासाठी तरुण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतात. द्रव्य बाहेरून आले की मेंदूच्या तळाची ग्रंथी वृषणांस इशारा देणे थांबविते आणि आतला कारखाना बंद पडतो. पौरुष वाढविण्याच्या नादात बीजच जाते. सगळे उपाय खुंटले तरी, १९९२ पासून, एकच शुक्रजंतू स्त्रीबीजात सोडून गर्भ धरविण्याची विद्या वैद्यकास अवगत आहे.

मातांस एकच सांगावयाचे. मुलाच्या अंडकोशात अकस्मात तीव्र कळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. वृषणास पीळ पडलेला असू शकतो, आणि सहा तासांच्या आत तो सोडविला नाही तर वृषण गमवावे लागण्याचा धोका वाढत जातो. मुलगे लाजेने हे लपवितात. न दुखणारी गाठ लागली तरी दाखवावी. पंधरा ते पस्तीस या वयात वृषणाचा कर्करोग होतो, आणि वेळेवर कळल्यास तो बहुधा बरा होतो.

आमच्या मंडळाच्या वधूवर नोंदणीच्या अर्जात गोत्र, रास, नाडी, उंची हे सर्व विचारलेले असते. नाडी एक आली तर संततीस बाधा म्हणून स्थळे मोडलेली आम्ही पाहिली आहेत. लग्नानंतर मात्र त्याच घरातील कर्त्या माणसांस, आपल्या मुलास एका बाटलीपुरते प्रयोगशाळेत धाडावे असे म्हटले, की त्यांचा अपमान होतो.

भोजनोत्तर आम्ही सभागृहामागील ग्रंथालयाच्या खोलीत पाच वाजेपर्यंत बसलेले असू. ज्यांस काही विचारावयाचे असेल त्यांनी निःसंकोच यावे. दार लावता येते. जोडप्याने यावयाचे असल्यास पतीनेही यावे. एकट्या सुनेस घेऊन कोणी येऊ नये.