होडीच्या मोटारीचा पंखा



मुलांना गणित शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. होड्या बांधणें किंवा यंत्रें दुरुस्त करणें हा माझा धंदा नव्हे. तरीहि होडीच्या पाठीमागें टांगावयाच्या मोटारीविषयीं, आणि तींतहि केवळ तिच्या पंख्याविषयीं चार शब्द बोलण्याचें मीं आज धाडस केलें आहे. याचें कारण असें कीं, या पंख्याच्या निवडींतील एका चुकीपायीं सात माणसांचा जीव टांगणीस लागलेला मीं पाहिला आहे, आणि त्या सातांत मी एक होतों.

माझ्या पुतण्याची देवबागेस फायबरची लहान होडी आहे. देवबाग म्हणजे एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास कर्ली नदीची खाडी यांच्या मधली चिंचोळी पट्टी. होडीची मोटार ९.९ अश्वशक्तीची. तिच्याबरोबर आलेला पंखा पुतण्यास पसंत पडेना. "काकानूं, मोठो पंखो घातलो काय होडी जास्त धावतली," असें म्हणून त्यानें दुकानांतून ११ इंच आट्याचा पंखा आणून बसविला. एकटा बसला म्हणजे होडी खरोखरच बरी पळे. पण घरचीं माणसें बसलीं कीं मोटार जाड आवाजांत कण्हत चाले. त्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. एके संध्याकाळीं आम्ही सातजण परतत असतां खाडीच्या मुखाशींच मोटार तापून बंद पडली. ओहोटीचा जोर होता व प्रवाह आम्हांस समुद्राकडे ओढीत होता. पुतण्यानें प्रसंगावधान राखून नांगर टाकला व सुदैवानें तो धरला. पुढें मासेमारीची एक होडी आली व तिनें आम्हांस ओढून नेलें. तोंवर गेलेला पाऊण तास मी जन्मांत विसरणार नाहीं.

आतां ही चूक नेमकी कोणती, तें पाहूं. पंख्याच्या तुंब्यावर बहुधा दोन आंकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ ९¼ × ९. पहिला आंकडा व्यासाचा. दुसरा आट्याचा, म्हणजे पंखा एक फेरा फिरला असतां तो किती इंच पुढें सरकेल, याचा. लांकडांत स्क्रू पिळला म्हणजे तो एका फेऱ्यांत जितका आंत जातो, तितकाच त्याचा आटा, पंख्याचेंहि तसेंच. व्यास हा मोटारीच्या शक्तीप्रमाणें कारखान्यानेंच बहुधा ठरविलेला असतो. आपल्या हातीं निवड उरते ती मुख्यतः आट्याची.

थोडें गणित करूं. इंजिन मिनिटास ५,४०० फेरे घेत आहे व मधल्या दांतचाकांमुळें पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २,७०० फेरे घेत आहे, असें धरा. आटा ९ इंच असल्यास होडी मिनिटास २४,३०० इंच, म्हणजे तासास सुमारें ३७ किलोमीटर गेली पाहिजे. पण पाणी हें लांकूड नव्हे. तें पंख्याखालून निसटतें. हलक्या होडीच्या बाबतींतहि पंचमांश घट धरावी, म्हणजे सुमारें ३० किलोमीटर उरतात. ओझें वाढलें कीं ही घटहि वाढते.

मग आटा वाढविला तर वेग वाढेल, हा माझ्या पुतण्याचा तर्क चुकला कोठें? त्यानें असें गृहीत धरलें कीं, आटा वाढला तरी इंजिनाचे फेरे तितकेच राहतील. ते तसे राहत नाहींत. गिअरच्या सायकलीवर जड गिअर घालून चढ चढूं लागावें, तशी गत होते. पाय रेटतात, पण फिरत नाहींत. आटा एक इंचानें वाढला कीं इंजिनाचे फेरे साधारणपणें दीडशें ते दोनशें कमी होतात. आमच्या मोटारीस पूर्ण वेगांत ५,००० ते ६,००० फेरे हवेत, असें तिच्या पुस्तिकेंत छापलें आहे. मागाहून मोजलें तेव्हां सात माणसांनिशीं ती कशीबशी ४,५०० पर्यंत पोंचत होती. असें दडपणाखालीं राबलेलें इंजिन तापतें, त्यांत काजळी धरते व त्याचें आयुष्य घटतें. उलट, आटा फारच कमी असेल तर फेरे मर्यादेबाहेर जातात. तेंहि तितकेंच घातक.

तेव्हां परीक्षेची रीत अशी. होडींत नेहमींचें ओझें घ्यावें, सर्वांनीं तरंगजाकिटें घालावीं व मोकळ्या, खोल पाण्यांत मोटार पूर्ण वेगांत सोडावी. एकानें समोर पाहावें, दुसऱ्यानें फेरे पाहावे. मोटारीवर मापक नसल्यास ठिणगीच्या तारेस गुंडाळावयाचा लहान मापक मिळतो. फेरे पुस्तिकेंतील मर्यादेहून कमी भरले तर कमी आट्याचा पंखा घ्यावा. अधिक भरले तर अधिक आट्याचा. मात्र पंख्यास दोष देण्यापूर्वीं होडीच्या तळाशीं शेंवाळ व शिंपले धरले नाहींत ना, पातें वांकलें नाहीं ना, दांड्यास जाळ्याचा दोरा गुंडाळला नाहीं ना, हें पाहावें. मोटार फार उंच टांगली असली तर पंखा हवा ओढतो व पाण्याची पकड सुटते. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीस किंवा किंचित् खालीं असावी.

आम्हीं ११ इंचांचा पंखा काढून ८ इंचांचा बसविला. सात माणसांनिशीं फेरे ५,२०० भरले, कण्हणें थांबलें आणि होडी पूर्वीहून लवकर घरीं पोंचूं लागली. एकट्यानें जातांना वरची मर्यादा ओलांडूं नये म्हणून पुतण्या हात जरा आंवरतो, इतकेंच.

लहान पंख्यानें वेग वाढावा याचें नवल वाटेल. पण हा अनुभव जुनाच आहे. इंग्लंडांतील फ्रान्सिस पेटिट स्मिथ नांवाच्या शेतकऱ्यानें लांकडी मळसूत्राच्या पंख्याची नौका १८३७ सालीं लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यांत चालविली. कशास तरी आपटून मळसूत्राचा अर्धा भाग मोडला, आणि नौका मंदावण्याऐवजीं अधिक वेगानें धांवूं लागली!

स्मिथचा कालवा संथ होता, आमच्या खाडीस ओहोटी होती. म्हणून ज्यांच्या घरीं अशी होडी आहे, त्यांनीं ही तासाभराची परीक्षा किनाऱ्याजवळ, दिवसाढवळ्या, शक्य तितक्या लवकर करून घ्यावी. आणि जुना पंखा व त्याची पिन होडींत जवळ ठेवावी.