दोन डायलिसिसमधील वाढते वजन : संयमाचा एक व्यवहार्य पाठ
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



जीवदया आणि रुग्णसेवा ही जैन समाजाच्या दानधर्माची दोन जुनी अंगे होत. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी सवलतीच्या दरात डायलिसिसची सोय करणे, हे अलीकडच्या काळात त्यात पडलेले एक मोलाचे भर होय. परंतु यंत्र विकत घेतले, दात्यांच्या नावाचा फलक लागला, म्हणजे सेवा पूर्ण झाली असे नाही. यंत्रावर रुग्ण आठवड्यातील जेमतेम बारा तास असतो. उरलेले एकशे छप्पन्न तास तो घरी असतो, आणि त्याच्या प्रकृतीचा निकाल बव्हंशी त्या घरच्या तासांतच लागतो.

नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, आपल्या कृत्रिम मूत्रपिंडाचा पहिला प्रयोग रुग्णावर केला. १९४५ मध्ये त्या यंत्राने एका ६७ वर्षांच्या महिलेचे प्राण वाचवले. पुढे १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रक्तवाहिनीशी जोडून ठेवता येईल अशी नळी तयार केली आणि एकच रुग्ण वर्षानुवर्षे डायलिसिसवर जगू शकेल, हे सिद्ध झाले. विज्ञानाने एवढी वाट चालून दिली. पुढची वाट मात्र रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला चालावी लागते.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे दीड लिटर मूत्र बाहेर टाकतात. ती निकामी झाली की प्यालेले पाणी शरीरातच साचते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हा हिशोब अगदी सरळ आहे. जादा पाणी पूर्ण निघाल्यावर जे वजन राहते त्याला डॉक्टर 'ड्राय वेट' म्हणजे कोरडे वजन म्हणतात. त्यावर जे चढते ती पाण्याची थकबाकी होय. आणि ती चार तासांत वसूल करावी लागते.

समजा, एखाद्या गृहस्थाचे कोरडे वजन ६० किलो आहे. दोन डायलिसिसमध्ये वजनवाढ कोरड्या वजनाच्या साधारण चार ते साडेचार टक्क्यांच्या आत राहावी, असे मानले जाते. म्हणजे त्याच्यासाठी सुमारे अडीच किलो. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे त्याचे वार ठरलेले आहेत. शुक्रवारनंतर दोन दिवसांचा खंड पडतो, त्यातच रविवारी लग्नकार्य येते आणि सोमवारी काटा ६४.२ किलो दाखवतो. चार लिटरांहून अधिक पाणी चार तासांत ओढायचे, म्हणजे दर किलो वजनामागे तासाला साडेसतरा मिलिलिटर. हा वेग तेरा मिलिलिटरच्या वर गेला की धोका वाढतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. मग रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि पाणी काढलेच नाही तर पायांवर सूज, रात्री आडवे होताच धाप, आणि महिनोन्महिने ताण सोसून जाड होत गेलेले हृदय. डायलिसिसच्या रुग्णांचा मृत्यू अनेकदा हृदयविकाराने होतो, हे कुटुंबीयांनी विसरता कामा नये.

"पाणी कमी प्या" एवढे सांगून भागत नाही, कारण तहानेचे मूळ मिठात आहे. शरीर सुमारे आठ ग्रॅम मिठामागे एक लिटर पाणी धरून ठेवते. लोणचे, पापड, फरसाण, मसाल्याचे खाखरे खाऊन तहान आवरणे म्हणजे स्वतःच विस्तव पेटवून त्याच्या धगीची तक्रार करणे होय. सैंधव हेही मीठच आहे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम असते. या रुग्णांसाठी ते अधिक घातक ठरू शकते. मधुमेही रुग्णाची साखर वाढलेली असली तरीही तहान वाढते. चहा, ताक, वरण, आमटी, कलिंगड हे सारे पाण्याच्याच खात्यात मांडावे लागते.

येथे जैन आचार रुग्णाच्या मदतीला येतो. बाह्य तपाच्या सहा प्रकारांत ऊनोदरी आणि रसपरित्याग यांना स्थान आहे. भुकेपेक्षा थोडे कमी घेणे आणि जिभेचे लाड सोडणे, हेच डॉक्टरही सांगतात. उकळलेले पाणी पिण्याची प्रथा घरात आहेच. डॉक्टरांनी ठरवून दिलेले दिवसाचे पाणी सकाळी एकाच बाटलीत भरून ठेवावे, आणि औषधासह प्रत्येक घोट त्यातूनच घ्यावा. ज्यांना अजून थोडी लघवी होते त्यांची मर्यादा वेगळी असते. म्हणून शेजारच्या रुग्णाचे माप आपल्याला लावू नये. चौविहार करणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी तांब्याभर पाणी एकदम प्यायल्यास व्रत पाळले जाते, पण वजन वाढतेच.

उपवासाच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. निराहारात शरीरातील मांस झिजते आणि रक्तातील पोटॅशियम वाढू शकते. पारण्याचे खजूर किंवा शहाळ्याचे पाणी अशा वेळी जिवावर बेतू शकते. पच्चक्खाणात रुग्णाच्या समाधीसाठी आगार, म्हणजे सवलत, ठेवलेली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, गुरुमहाराजांना प्रकृती मोकळेपणाने सांगावी आणि मगच नियम घ्यावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वजन फारसे वाढत नाही म्हणून नेहमीच समाधान मानू नये. रुग्ण जेवतच नसेल तर मांस घटते, त्याची जागा पाणी घेते आणि काटा तोच आकडा दाखवतो. म्हणून कोरडे वजन वेळोवेळी तपासून घ्यावे, आणि डाळी, पनीर अशा प्रथिनयुक्त आहाराचे प्रमाण तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे.

पन्नास वर्षांचा टप्पा गाठलेल्या संस्थेने पुढील काळात दोन लहान कामे अंगावर घ्यावीत. प्रत्येक गरजू रुग्णाच्या घरी एक वजनकाटा आणि रोजच्या नोंदीची एक वही द्यावी. स्वामिवात्सल्याच्या पंगतीत अशा रुग्णांसाठी अलोण्या पदार्थांचे एक ताट वेगळे ठेवावे, आणि "एवढ्याने काय होते?" असा प्रेमाचा आग्रह कोणी करू नये. यांचा खर्च यंत्राच्या मानाने नगण्य आहे. पण त्यामुळे सोमवारची सकाळ अनेक घरांसाठी भीतीची राहणार नाही.

जय जिनेंद्र.