टोपली गेली, टोल राहिला
(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषण)



शिकागोच्या जुन्या रहिवाशांना टोलनाक्यावरची ती टोपली आठवत असेल. थंडीत काच खाली करायची, हातमोजा काढायचा आणि नाणी भिरकवायची! एखादं नाणं बाहेर पडलं की मागच्याचा हॉर्न सुरू. १९९३ मध्ये आयपास आला. २००५ पासून रोखीनं भरणाऱ्या मोटारींना दुप्पट टोल पडू लागला. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे रोख घेणं थांबलं, ते कायमचंच.

रांगा गेल्या हे उत्तमच झालं. नाके परत यावेत असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तो दुप्पट दर आज कुणाला पडतो, ते पाहा. आपल्या गाडीत टॅग असतो, पैसे कार्डातून परस्पर जातात. किती गेले हेही आपल्याला कळत नाही. ज्याच्याजवळ कार्डच नाही, त्याला पूर्वी निदान खिशातली चिल्लर तरी चालायची. कमी उत्पन्नवाल्यांसाठी २०२१ मध्ये 'आयपास असिस्ट' निघालं, पण ते माहीत तर हवं ना!

आणि खिडकीतली माणसं? पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकनं जून २०२० मध्ये जवळजवळ ५०० जणांना नारळ दिला.

आपल्याकडे नवीन विद्यार्थी जुनी गाडी घेतात, तेव्हा विमा कुठला, मेकॅनिक कुठला, हे आपण हौसेनं सांगतो. जोडीला एवढंही सांगा: टॅग नसेल तर टोल चौदा दिवसांच्या आत वेबसाइटवर भरायचा. कॅमेऱ्यानं नंबर टिपलेला असतोच.