सौंदर्य, लय आणि भावना



मुळा-पवनेच्या संगमालगतच्या या सांगवीत अध्यक्षस्थानाचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल ऋण व्यक्त करून मी थेट विषयाकडे वळतो. कारण कलेतील सौंदर्य कशात असते आणि त्याने अंतःकरण का हेलावते, या वादाचा निकाल मराठीत अद्याप लागलेला नाही, आणि तो लावण्याचा सर्वांत धीट यत्न करणाऱ्या बा. सी. मर्ढेकरांचा युक्तिवाद या कारखान्यांच्या मुलखात पुन्हा तपासण्याजोगा आहे.

‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात मर्ढेकरांनी असे प्रतिपादिले की सौंदर्य विषयात नसून घटकांच्या परस्परसंबंधांत असते, ते संबंध संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी बांधलेले असतात, आणि सौंदर्यभावना ही व्यवहारातील हर्षशोकांहून निराळ्या जातीची असते. याच मर्ढेकरांच्या ‘काही कविता’वर अश्लीलतेची फिर्याद झाली आणि ते निर्दोष सुटले, सरकारी दफ्तराने शब्दांची जबानी घेतली, लयीची घ्यायचे मात्र राहून गेले! पिंपातल्या मेलेल्या उंदरांवरची त्यांची कविता पाहा. विषय किळसवाणा, तरीही वाचक तिच्याकडे पुनःपुन्हा जातो. बीभत्साला आठ रसांत स्थान देणाऱ्या भरतमुनींनाही केवळ गोजिरेपणा म्हणजे सौंदर्य नव्हे, हे ठाऊक होतेच.

येथवर मर्ढेकर मला मान्य आहेत. परंतु तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पिंपरी, कासारवाडी, दापोडी अशी पुण्याकडे निघते, तेव्हा रात्रपाळी करून आलेला, डब्याची पिशवी खांद्याला अडकवलेला एखादा कामगार रस्त्याच्या कडेला उभा राहतो आणि टाळ-पखवाजाच्या ठेक्यावर उचललेला अभंग ऐकताना त्याचे डोळे भरून येतात. हे अश्रू निव्वळ रचनेचे, असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही. त्यांत घरचे आजारपण आहे, कर्ज आहे, गेलेली आई आहे. तरीही हा घरचा शोक नव्हे, कारण घरचा शोक माणसाला खाली बसवतो आणि हा त्याला दोन पावले दिंडीबरोबर चालायला लावतो. अभिनवगुप्तांनी ज्याला साधारणीकरण म्हटले ते हेच : भावनेच्या सातबाऱ्यावरचे आपले नाव तेवढे कमी होते, जमीन तीच राहते. आणि हा फेरफार घडवून आणते ती लय. म्हणजे मर्ढेकरांनी जिला साध्य मानले ती माझ्या मते साधन आहे; मात्र असे साधन की ज्याच्यावाचून शोकाचा करुण होतच नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिक आणि अलौकिक असे दोन ध्रुव मानून दोन्ही पक्षांना न्याय दिला, तो निवाडा विद्वत्तेचा खरा, पण मला तो थोडा तडजोडीचा वाटतो.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून येथील पिढ्यांनी जे सोसले त्याची सामग्री विपुल आहे. माझ्याकडे येणाऱ्या हस्तलिखितांत कळवळा अस्सल असतो, पण कळवळ्याच्या भरवशावर रचना वाऱ्यावर सोडलेली असते, आणि मग कवी रडतो, वाचक कोरडा राहतो. तेव्हा उद्याच्या कविसंमेलनात ज्यांना कविता वाचायच्या आहेत त्यांनी आज रात्री त्या एकदा मोठ्याने वाचून, निर्दयपणे दुरुस्त करून मगच व्यासपीठावर यावे, एवढीच माझी विनंती आहे.