डार्टमूरच्या डोंगरांतील पत्रपेट्या

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत डार्टमूर नांवाचें विस्तीर्ण डोंगरपठार आहे. झाडी थोडी, वस्ती त्याहून थोडी. जिकडेतिकडे गवत, दलदल आणि टेकड्यांच्या माथ्यांवर उघड्या पडलेल्या पाषाणांच्या राशी. ह्या राशींना तेथें 'टॉर' म्हणतात. सर्वांत उंच माथा ६२१ मीटरांचा. सह्याद्रि चढलेल्यांस ही उंची किरकोळ वाटेल. पण धुकें उतरलें म्हणजे हेंच पठार भल्याभल्यांस चकवितें. अशा ठिकाणीं मुलांबाळांसह सहलीस जावयाचें, आणि तेंही दगडाखालीं लपविलेली पत्रपेटी हुडकण्यासाठीं, हें ऐकून प्रथम हंसूंच येईल.

ह्या छंदाचा उगम जुना आहे. चॅगफर्ड गांवीं जेम्स पेरट नांवाचा एक वाटाड्या होता. १८५४ सालीं त्यानें क्रॅनमिअर पूल ह्या दुर्गम स्थळीं एक बाटली ठेविली. जो तेथवर पोंचेल त्यानें आपल्या नांवाचें कार्ड तींत टाकावें, एवढाच हेतु. 'पूल' म्हणजे तळें खरें, परंतु तेथें तळें नाहीं. कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा नुसता खळगा आहे. लोककथा अशी, कीं ओकहॅम्प्टनच्या एका नगराध्यक्षाच्या भुतास चाळणीनें हें तळें उपसण्याची शिक्षा झाली. भूत मोठें हुशार! त्यानें चाळणीस आंतून मेंढीचें कातडें लाविलें आणि तळें कोरडें केलें. थकलेल्या मुलांस आणखी कोसभर चालविण्यास एवढी गोष्ट पुरे होते.

पुढें बाटलीच्या जागीं पेटी आली, वही आली. येणारा आपल्याच पत्त्याचें पोस्टकार्ड पेटींत ठेवी आणि नंतर येणारा अनोळखी मनुष्य तें घेऊन जाऊन टपालांत टाकी. 'पत्रपेटी' हें नांव त्यावरूनच पडलें. १९३७ सालीं एका वृत्तपत्राच्या वाचकांनीं वर्गणी काढून क्रॅनमिअर येथें दगडी कोनाडा बांधविला. पुढल्याच वर्षीं, डार्टमूरवर आयुष्यभर लिहिणारे विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ डक्स पूल येथेंही पेटी बसली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र ह्या पेट्यांची संख्या हजारांवर गेली.

हल्लींची पेटी म्हणजे झांकणाचा लहानसा डबा; त्यांत एक रबरी शिक्का आणि एक वही. शोधणाऱ्या कुटुंबाजवळही स्वतःचा शिक्का व वही असते. हातीं असतो तो संकेताचा कागद: अमुक टॉर इतक्या अंशांवर, तमकी एकाकी शिळा तितक्या अंशांवर, तेथून वीस पावलें चढावर. होकायंत्र बहुधा थोरल्या मुलाकडे, पावलें मोजण्याचें काम धाकटीकडे. तिचीं पावलें आंखूड, म्हणून हिशेब चुकतो. मग वाद, पुन्हां मोजणी, मध्येंच शिदोरी सुटते. भूमितींतील कोन ज्यांस फळ्यावर कधीं कळला नाहीं, अशा मुलांस तो येथें गवतांत उभें राहून कळतो.

पेटी सांपडली कीं तिचा ठसा आपल्या वहींत व आपला ठसा तिच्या वहींत उमटवावयाचा. नंतर डबा होता तसा, दगड होता तसा. बरोबर कांहीं न्यावयाचें नाहीं. मुलांस हाच भाग सर्वांत कठीण जातो, कारण सांपडलेली वस्तु आपली असें त्यांस वाटतें. पण पेटीला ना कुलूप, ना पहारेकरी. पाठीमागून येणाऱ्या अनोळखी मुलांचा दिवस ह्या मुलांच्या हातांत असतो.

छंद वाढला तसा उपद्रवही वाढला. पेटी लपविण्यासाठीं कोणी माती उकरूं लागले, कोणी प्राचीन शिळावर्तुळांतील दगड हलवूं लागले. म्हणून जाणत्या शोधकांनीं नियम घातले: पुरातन अवशेषांत पेटी नको, गडग्यांत नको, सिमेंट तर नकोच. शिवाय उत्तरेकडील भागांत लष्कराचीं गोळीबाराचीं मैदानें आहेत. तांबडें निशाण वर असतां आंत शिरावयाचें नाहीं आणि पडलेल्या धातूच्या तुकड्यास हात लावावयाचा नाहीं.

खरी कसोटी धुक्याची. टॉर दिसेनासे झाले म्हणजे संकेताचे अंश निरुपयोगी होतात आणि हिरव्यागार गवताखालीं दलदल आहे कीं वाट, हें कळत नाहीं. पेटी वीस पावलांवर असेल, मुलें रडकुंडीस आलेलीं असतील. तरी शहाणा बाप तेथूनच मागें फिरतो. होकायंत्राचा कांटा मग पेटीकडे नव्हे, मोटार उभी केलेल्या रस्त्याकडे लावला जातो.