गिलाव्याआड गेलेले काम

'घर पाहावे बांधून' ही म्हण आपण सगळे ऐकत आलो आहोत. तिचा अर्थ आपण खर्चाशी लावतो. घर काढले की पैशाला पाय फुटतात, हा तो अर्थ, आणि तो काही खोटा नाही. पण या म्हणीतला 'पाहावे' हा शब्द मला अधिक मोलाचा वाटतो. आपण घर बांधतो खरे, पण ते बांधले जात असताना पाहतो किती? गावात मालक आणि मिस्त्री यांच्यात, शहरात सदनिका घेणारा आणि ती विकणारा यांच्यात जे तंटे होतात, त्यांतले पुष्कळसे या न पाहण्यातून उपजतात. घराचा जीव ज्या कामात असतो, तेच काम नेमके झाकले जाते. पाया मातीखाली जातो, सळई काँक्रीटच्या पोटात जाते, वीट गिलाव्याआड जाते. आणि एकदा झाकले गेले, की मग भांडण तेवढे उरते, पुरावा उरत नाही.

झाकलेल्या कामाची किंमत आपल्या मराठवाड्याने एकदा फार मोठी मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक थकून झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी आकड्याप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता होती ६.२ च्या आसपास. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि त्यांत याहून कितीतरी कमी माणसे दगावतात. मग आपल्याकडेच एवढा अनर्थ का झाला?

उत्तर भिंतीच्या पोटात होते. त्या भागातली जुनी घरे दगडमातीची. भिंत चांगली दोन-तीन फूट जाड, कुठे त्याहूनही जाड. पाहणाऱ्याला वाटावे, केवढी भक्कम! पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत गोटे आणि माती. वर माळवद. पावसाळ्यात गळू नये म्हणून त्यावर दरसाल माती पडायची, त्यामुळे ओझे वाढतच जायचे. जमीन हलली तसे दोन पापुद्रे एकमेकांपासून सुटले आणि माळवदाची सारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

हे दोन पापुद्रे बांधून ठेवणारी वस्तू अगदी साधी आहे. भिंतीच्या जाडीइतका लांब दगड, जो या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जातो. त्याच १९९३ साली निघालेल्या भारतीय मानकात याचा नियम दिलेला आहे: दर दोन फूट उंचीला असे दगड घालावेत आणि दोन दगडांत चार फुटांपेक्षा जास्त अंतर नसावे. आता असा लांब दगड घडवायला पाथरवटाला वेळ लागतो, मजुरी जास्त पडते. आणि बाहेरून पाहिले तर त्याचे तोंड शेजारच्या दगडासारखेच दिसते. घातला काय आणि न घातला काय, मालकाला कळणार कसे? जे कळत नाही ते कोणी मागत नाही, आणि जे कोणी मागत नाही ते हळूहळू रीतीतूनच नाहीसे होते. याउलट, काही घरांत माळवदाचा भार भिंतीवर नव्हता, लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता. तिथे भिंती ढासळल्या तरी लाकडी खण उभे राहिलेले लोकांनी पाहिले.

या संकटानंतर जे घडले, ते आजच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम निघाला. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. पण त्याहून कितीतरी अधिक गावांत, दीड लाखाहून जास्त घरांची दुरुस्ती आणि मजबुती मालकांनी आपल्या देखरेखीखाली करून घेतली. पैसा हप्त्याहप्त्याने मिळे, काम इंजिनियर तपासत. शेकडो गावांतून महिला मंडळांच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. भूकंपाला तोंड देणारे बांधकाम कसे असते हे त्या शिकल्या, घरोघर जाऊन त्यांनी ते सांगितले आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. ज्या बाईला तोवर घराच्या कामात फक्त चहा करण्यापुरते विचारले जाई, तीच आता गवंड्याला विचारू लागली, "दादा, कोपऱ्याचा दगड आत कुठवर गेलाय?" हा प्रश्न भिंत उभी राहण्याआधी विचारला तर त्याला उत्तर मिळते. भिंत झाल्यावर विचारला तर त्याचे भांडण होते.

आता काळ बदलला. दगडमाती मागे पडली आणि गावोगाव सिमेंट आले. लोकांना वाटते, स्लॅब पडला की घर पक्के झाले. पण सिमेंटच्या घरात झाकलेले काम कमी झालेले नाही, उलट वाढले आहे. वादाची नेहमीची तीन ठिकाणे सांगतो.

पहिले ठिकाण पाया. आपल्याकडची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला पाया दर वर्षी थोडा उचलला जातो, थोडा खचतो. म्हणून काळ्या मातीतून खाली जाऊन पाया मुरुमावर किंवा खडकावर टेकवावा लागतो. दोन वर्षांनी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मालक म्हणतो, "मिस्त्रीनं माल खाल्ला." मिस्त्री म्हणतो, "जमीनच तशी हाय, त्याला मी काय करू?" खरे काय ते त्या खड्ड्याला माहीत, आणि तो तर केव्हाच बुजला. खड्डा उघडा असताना मुरूम लागल्याचे दोघांनी मिळून पाहिले असते, खोली मोजली असती, तर हा वाद उद्भवलाच नसता.

दुसरे ठिकाण पाणी. पातळ माल घमेल्यातून चटकन सरकतो, सळयांमध्ये पटकन बसतो, मजुराचे श्रम वाचतात. पण जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. घरांच्या स्लॅबला नेहमी घालतात त्या एम-वीस प्रतीच्या काँक्रीटला, प्रमाण मापाने घालायचे असेल तर, ५० किलोच्या एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, असे मानक सांगते. वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यात धरायचे. दहा लिटरची बादली असेल तर तीन बादल्या. एवढा हिशेब ठेवायला इंजिनियर लागत नाही.

तिसरे ठिकाणही पाण्याचेच, पण नंतरच्या पाण्याचे. मालात पाणी जास्त झाले तर घर बिघडते आणि झालेल्या कामावर पाणी कमी पडले तरी घर बिघडते. कोरड्या, उष्ण हवेत काँक्रीट निदान दहा दिवस सतत ओले राहिले पाहिजे. राखमिश्रित सिमेंट असेल, आणि बाजारात आज तेच पुष्कळ मिळते, तर चौदा दिवस. आपल्याकडे घरे निघतात एप्रिल-मे महिन्यांत, सुगी संपल्यावर. त्याच दिवसांत विहिरी आटतात आणि पाणी टँकरने येते. मग सकाळी एक पाइप फिरवला की झाले! इथे दोष कोणाचा? पाणी मारायचे काम मालकाचे की मिस्त्रीचे, हे ठरलेलेच नसते. स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी कोंडावे, खांबांना ओली गोणपाटे गुंडाळावीत. वाफे धरायला शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. आणि जमले तर पावसाळ्यानंतर, विहिरीला पाणी असताना काम काढावे.

श्रोतेहो, आतापर्यंत मी मालकाच्या बाजूने बोललो असे वाटेल. तसे नाही. मिस्त्रीचीही बाजू आहे आणि ती पुष्कळदा खरी असते. मालकाने दर पाडून घेतलेला असतो. सिमेंट मालकच आणतो आणि पोते वाचवायला तोच सांगतो. अर्धी भिंत झाल्यावर घरातून निरोप येतो, "खिडकी इथं नको, तिथं करा." या वाढलेल्या कामाचे पैसे मागितले की गवंडी लोभी ठरतो. शेवटी गिलाव्याला बारीकशी भेग दाखवून मालक दोन हप्ते अडकवून ठेवतो. गुत्तेदार पैसे घेऊन दुसऱ्या कामाला लागतो आणि मजूर मात्र दारोदार फिरतात. वाईट कामाइतकाच बुडवलेला रोजगारही अन्याय आहे.

तेव्हा तोंडी बोलीवर न राहता काम सुरू होण्यापूर्वी एक कागद करावा. त्यात पाच गोष्टी असाव्यात. काम किती आणि कोणत्या मापाने मोजायचे. माल कोणी आणायचा आणि मिश्रणाचे प्रमाण काय. पाणी कोणी मारायचे आणि किती दिवस. वाढीव कामाचा दर काय. आणि कोणता हप्ता कोणत्या टप्प्याला. पैशाचा प्रत्येक टप्पा झाकण्यापूर्वीच्या कामाशी जोडावा. पायाचा खड्डा पाहून झाला, सळया मोजून झाल्या, गिलाव्याआधी भिंतींना ओळंबा लावून झाला, अशा प्रत्येक वेळी दोघांनी तारखेसह सही करावी. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, त्यावर फोटो काढून ठेवावा. थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायची असेल तर तेही आधीच लिहावे आणि बाकीची रक्कम ठरल्या दिवशी द्यावी.

कामावर नाव असले की जबाबदारी आपोआप येते. छत्रपती संभाजीनगरात, जुन्या औरंगाबादेत, आपण बीबी का मकबरा पाहायला जातो. १६६०-६१ च्या सुमाराच्या या वास्तूच्या दारावरील लेखात अताउल्ला आणि हंसपत राय या दोन करणाऱ्यांची नावे आहेत. खर्चाचा जुन्या बखरकाराने दिलेला आकडा आहे ६,६८,२०३ रुपये ७ आणे. सात आण्यांपर्यंतचा हिशेब! आपल्या तीन खोल्यांच्या घरावर नाव कोरायला नको, पण बांधणाराचे नाव आणि हिशेब एका वहीत असायला काय हरकत आहे?

एवढे करूनही तंटा झाला तर? शहरात सदनिका घेतली असेल तर २०१६ चा स्थावर संपदा कायदा आहे आणि त्याखालचे महारेरा हे प्राधिकरण १ मे २०१७ पासून काम करते आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. जागा ५०० चौरस मीटरपर्यंतची असेल किंवा सदनिका आठपर्यंतच असतील, तर प्रकल्पाला नोंदणीतून सूट असते. म्हणून घेण्यापूर्वी नोंदणी आहे का, ते विचारावे. गुत्त्याने घर बांधून घेणाऱ्याला ग्राहक आयोगाकडे जाता येते. घर बांधून देणे ही सेवाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात १९९३ सालीच सांगितले आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मात्र तिथेही पहिला प्रश्न हाच येतो: कागद आहे का, फोटो आहे का? हातात काही नसले, तर कायदा चांगला असूनही उपयोग होत नाही.

शेवटी गुरुजींना एक विनंती. घराचे काम हा शाळेच्या गणिताचा उत्तम धडा आहे. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची लांबी, रुंदी, उंची मुलांना मोजू द्या, वाळू किती आली ते त्यांना काढू द्या. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि काही तास स्थिर ठेवा; वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या शेकडा आठांहून जास्त भरला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरण्याजोगी नाही. शाळेच्या भिंतीला भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख घाला. तीन महिन्यांनी भेग खुणेपलीकडे गेली का ते मुले सांगतील. गेली नसेल तर ती तूर्त वाढत नाही. गेली असेल तर जाणत्याला बोलवा. ही मुले घरी गेली की बापाला विचारतील, "बाबा, स्लॅबला आज कितवा दिवस? पाणी मारलं का?"

उद्या तुमच्या आळीत कुठे पायाचा खड्डा खणलेला दिसला, तर जाता जाता घडीभर थांबा, खाली मुरूम लागला का ते विचारा. खड्डा बुजेपर्यंतच हा प्रश्न विचारता येतो.