अभिरूप न्यायालय आणि फाटकावरचा कामगार

विधी महाविद्यालयातील अभिरूप न्यायालयाचे आम्ही कौतुकच करतो. त्याने जीभ तयार होते. पण कान कोणी तयार करावयाचा? सातपूर-अंबडचा कामावरून काढलेला कामगार कलमे सांगत नाही. पगाराची चिठ्ठी पुढे करतो नि गप्प बसतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास किमान १२ व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास २० आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव सक्तीचा केला. त्यांतला एक तरी आठवडा विद्यार्थ्यांनी कारखान्याच्या फाटकाशी काढावा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ याच्या बाराव्या कलमाने औद्योगिक कामगारास, मिळकत न पाहता, मोफत कायदेसाहाय्याचा हक्क दिला; पुष्कळांस तो ठाऊकच नाही. तेवढे त्यांनी सांगावे, अर्ज लिहून द्यावा. पुढे हाच विद्यार्थी मालकाचा वकील झाला, तरी आमची तक्रार नाही. ऐकून घेण्याची सवय त्याच्यापाशी राहील.